मुलांना मोठ्याने वाचून दाखवलेली चित्रांची कवितापुस्तकं : तुमचे अनुभव

निंबोणी
आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. ठाण्यात नौपाड्यातली, तळमजला अधिक तीन. दसऱ्यापर्यंत जागा खाली करायची आहे, म्हणून आठ दिवस माळा उपसतेय. काल रात्री पितळी डब्यांच्या मागे एक खोका निघाला आणि त्यात आमचं लहानपणीचं कवितांचं पुस्तक. पिना गंजून पानांवर तांबडे डाग पडलेत. एक कोपरा चावलेला आहे, तो मी की भावाने हे अजून ठरायचंय.

उघडलं आणि स्टुलावर बसूनच राहिले. प्रत्येक ओळीत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. दोन-तीन शब्दांनंतर एक रेघ, ओळ संपली की दोन. बाबांच्या हातच्या.

बाबा तोतरे बोलायचे. वाण्याकडे ‘पाव किलो’ म्हणताना ‘प’वर अडकायचे. फोन वाजला की आईकडे बघायचे. ऑफिसातल्या बढतीच्या मुलाखतीत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. पण रात्री जेवणं झाली की आम्हा दोघांना दोन बाजूंना घेऊन ते हे पुस्तक उघडायचे आणि एकदाही अडखळायचे नाहीत. खरंच एकदाही नाही. उजव्या हाताची बोटं माझ्या गुडघ्यावर ठेका धरायची, आवाज चढत जायचा, शेजारच्या काकू दारात येऊन ऐकत उभ्या राहायच्या. मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांना दोन आवाज असतात, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा.

त्या रेघा कशासाठी होत्या ते मला काल कळलं. आम्ही झोपल्यावर बसून उद्याच्या कवितेची तयारी करत असणार.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. झोप येईना म्हणून लिहितेय. तुम्हाला कुणी वाचून दाखवलं? तुम्ही मुलांना काय वाचता, कसं वाचता? पुस्तकांची नावं पण द्या, भाचीसाठी हवीत, साडेतीन वर्षांची आहे.

घणसोलीकर
८:१२ पकडलीय, उभ्याने वाचलं. ऐरोली कधी गेलं कळलं नाही. रात्री घरी जाऊन लिहितो.

चिंचबोरं
फार सुंदर लिहिलंय. पण पुस्तक कुठलं ते लिहायचंच राहिलं की!

दोनमुलांचीआई
माझा मोठा सहा, धाकटी दोन. दोघांना एकत्र वाचायला घेतलं की पान कोणी उलटायचं यावर युद्ध. आता नियम केलाय, उजवं पान दादाचं, डावं पान चिमणीचं. पण उलटताना पान एकच असतं हे तिला अजून समजलेलं नाही, तेवढ्यावर आमचं चाललंय.

एक सांगते, कवितेच्या पुस्तकात मूल ऐकत असतं तेव्हा त्याचे डोळे चित्रावर असतात. आपण अक्षरं वाचतो, ते चित्र वाचतं. मला हे पहिल्या मुलाच्या वेळी ठाऊक नव्हतं, मी ‘इकडे बघ, हे बघ काय लिहिलंय’ करत बोट फिरवायचे आणि तो वैतागायचा. एकदा दमून गप्प वाचत सुटले तर त्याने चित्राच्या कोपऱ्यातला किडा दाखवला. तो किडा कवितेत कुठेच नव्हता, मला कधी दिसलाही नव्हता. आता आम्ही प्रत्येक पानावर किडा शोधतो.

आणि हो, एकही कडवं गाळता येत नाही. काल घाई होती म्हणून मधलं एक खाल्लं तर धाकटीने पुस्तकावर हात आपटला. तिला अजून धड बोलता येत नाही, पण ठेका चुकला हे बरोब्बर कळलं. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या वाटतं, पळते.

निंबोणी
चिंचबोरं, हो की! विंदा करंदीकरांचं ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’. पुस्तक १९८१चं, मी तेव्हा चार वर्षांची.

कांदेपोहे
भुतांच्या कविता आणि त्या पण रात्री? आमच्याकडे कपाटाचं दार किंचित उघडं राहिलं तरी झोप नाही येत हो मुलाला.

निंबोणी
कांदेपोहे, बाबांच्या कुशीत भुतांची भीती नाही वाटायची. उलट मी एका भुताला लाल खडूने टिकली लावलीय, ती अजून आहे.

दोनमुलांचीआई
वरण लागलं खाली. असो. भीतीबद्दल, मांडीवर बसून घाबरायला मुलांना आवडतं. मांडी मात्र हवी.

उपवन
विंदांचं नाव निघालंच आहे तर आमचा किस्सा. त्यांचं ‘राणीची बाग’ १९६१चं पुस्तक, पहिली आवृत्ती माझ्या वडिलांसाठी आणलेली. ते माझ्याकडे आलं, माझ्याकडून लेकीकडे. पाच वर्षांची झाली तेव्हा म्हटलं चला, आता खरी बाग दाखवू. ठाण्याहून भायखळ्याला गाडीने गेलो, पुस्तक पिशवीत. प्रत्येक पिंजऱ्यापाशी थांबून ती पुस्तक उघडणार, तो प्राणी शोधणार, मी कविता म्हणणार. मागे गर्दी जमायची. एका आजोबांना तर पुढच्या ओळी पाठ होत्या, त्यांनीच म्हणून टाकल्या!

मग आलो पेंग्विनपाशी. पेंग्विन आले २०१६ला, पुस्तकात कुठून असणार. तिने दोनदा सगळी पानं चाळली. तोंड एवढंसं. ‘बाबा, याला विसरले.’ घरी येऊन तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर पेंग्विन काढला, पोट पांढरं ठेवायचं म्हणून भोवती काळा खडू इतका घासला की कागद फाटायला आला. खाली चार ओळी मी लिहिल्या, तिने सांगितल्या तशा. तो कागद शेवटच्या पानाला डकवला आहे. वडिलांची पहिली आवृत्ती होती, क्षणभर जिवावर आलं होतं डिंक लावताना. पण लावला. पुस्तक वाचणाऱ्याचं असतं.

चिंचबोरं
उपवन, फोटो टाका ना पेंग्विनचा!

वाचाताई
निंबोणी, मी स्पीच थेरपिस्ट आहे, ठाण्यातच. तुमच्या बाबांबद्दल वाचून राहवलं नाही, दोन पेशंटच्या मधल्या वेळात लिहितेय.

तोतरेपणा असलेल्या बहुतेक माणसांचं अडखळणं तालात बोलताना, गाताना किंवा दुसऱ्याबरोबर एका सुरात म्हणताना पुष्कळ कमी होतं. पुढचं अक्षर कधी येणार हे ठेक्याने आधीच ठरवलेलं असतं. शब्द शोधायचे नसतात, समोर छापलेले असतात. आणि ऐकणारी दोन मुलं घड्याळ बघत नाहीत, वाक्य तोंडातून हिसकावून पुरं करत नाहीत. गुडघ्यावरची बोटं आणि त्या रेघा, आम्ही हेच शिकवतो हो! श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं हे आधी खुणा करून ठेवायचं. त्यांनी ते स्वतःचं स्वतः शोधून काढलं, कुणी न सांगता. मला फार आदर वाटला.

एक विनंती सगळ्यांना. बोबडं बोलणं वेगळं, तोतरं वेगळं. लहान मूल अडखळलं तर ‘नीट बोल, सावकाश बोल’ म्हणू नका. आपण थांबायचं आणि त्याचं बोलून होऊ द्यायचं. उशिरा बोलणाऱ्या मुलांसाठी मी पालकांना कवितांचीच पुस्तकं घ्यायला सांगते. रोज तीच कविता. आठवडाभराने ओळीचा शेवटचा शब्द आपण म्हणायचा नाही, चित्राकडे बघायचं आणि वाट बघायची. यमकामुळे तो शब्द मुलाच्या ओठांवर आलेला असतो. मनात दहा आकडे मोजा, मध्ये बोलू नका. आईवडिलांना ते दहा आकडे फार जड जातात.

पारसिकचावारा
वाचाताई, आमचा मुलगा अडीच वर्षांपर्यंत एक शब्द बोलत नव्हता. आम्ही हेच केलं होतं. पावसाची कविता होती, चित्रात छत्री. मी थांबलो. त्याने चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ‘ती’ म्हणाला. छत्रीचा ‘ती’. बायको स्वयंपाकघरातून कणकेच्या हाताने धावत आली. आज आठवीत आहे, गप्प बसत नाही.

कांदेपोहे
छत्रीचा ती ❤️

सरळमार्गी
आजकाल यूट्यूबवर सगळ्या कविता चित्रांसकट, चालीसकट मिळतात. पुस्तकांचा एवढा अट्टाहास कशाला? आम्ही दोघंही नोकरीवाले, संध्याकाळी साडेआठला घर.

मास्तरीण
सरळमार्गी, दमून आल्यावर मोबाइल लावून दिला तर पाप नाही. पण व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही. मुलाने विचारलं ‘हा रडतोय का?’ तर तो पुढे गेलेला असतो. एकच कविता वाचा, दोन मिनिटं लागतात. मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. ज्यांच्या घरी एकही पुस्तक नाही अशी मुलं वर्गात असायची, म्हणून हे बोलते.

आपल्या बालकवितेत आठ-आठ मात्रांची चाल फार. सोळा मात्रांची ओळ, मध्ये किंचित विसावा. निंबोणीच्या बाबांची पहिली रेघ बहुधा तिथेच पडत असणार, बघा बरं. जात्यावरच्या ओव्या, टिपऱ्या, लेझीम यातून ही चाल आपल्या अंगात आधीच असते, म्हणून न शिकलेली आजीसुद्धा कविता बरोबर म्हणते आणि शिकलेले लोक ती बातम्यांसारखी वाचतात. आधी एकट्याने मोठ्याने वाचून बघा. टाळी बसली तर पुस्तक घ्या.

हल्ली एक नवं पुस्तक नातवासाठी आणलं, प्रकाशकाचं नाव घेत नाही. कागद गुळगुळीत, चित्रं देखणी, किंमत भरपूर. पण ओळ वाचायला गेलं की मध्येच दोन मात्रा जास्त. तिसऱ्या ओळीला जीभ ठेचकाळते. शिवाय कविता एका पानावर आणि तिचं चित्र पान उलटल्यावर! मूल काय बघत ऐकणार? चित्रकाराने एवढी मेहनत घेतली आणि पानं जुळवणाऱ्याने ती घालवली. मला मनापासून वाईट वाटलं. लहानांसाठी आहे म्हणून चालवून घ्यायचं नसतं. विंदांना २००३चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीत खांडेकर आणि कुसुमाग्रजांनंतर तेच, आणि त्या माणसाने मुलांसाठी डझनभर पुस्तकं लिहिली. तीही तितक्याच निगुतीने.

घणसोलीकर
आलो घरी. मला कुणी पुस्तक वाचून दाखवलं नाही, वडील टेम्पो चालवायचे, रात्री उशीर. पण मुलीसाठी मी स्वतः एक पुस्तक केलंय. आम्ही ठाण्याला आजीकडे जातो-येतो, गाडीत ती कंटाळायची, म्हणून स्टेशनांची कविता जुळवली. शाळेच्या वहीत एका पानावर एक स्टेशन, चित्रं तिची.

ऐरोलीला ऐटीत बसा
रबाळ्याला रबडी चाटा
घणसोलीला घंटा वाजे
कोपरखैरणे, कोपर हटा!

शेवटच्या ओळीला दोघांनी कोपर मारायचा. डब्यातले लोक पण हसतात.

उपवन
कोपर हटा!! आमच्याकडे आजपासून चालू.

मास्तरीण
घणसोलीकर, मात्रा मोजल्या. रबाळ्याला एक कमी पडते, पण ‘रबाळ्याऽला’ असं ओढलं की बसते. उत्तम.

चिंचबोरं
दिघा गाव राहिलं की! २०२४पासून तिथेही थांबते गाडी. ‘दिघा गावी दिवे लावा’ घ्या.

घणसोलीकर
घेतलं! मुलगी उद्या दिवे काढणार.

पनवेलवाली
तुम्ही सगळे वाशीगाडीवाले. आमची गाडी तुर्भ्यानंतर जुईनगरला वळते. ‘जुईनगरला जुई फुलली’ लिहा, नाहीतर आम्ही चढणार नाही वहीत.

रात्रपाळी
मी नेरूळला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. लेक चार वर्षांची, गावी सासूबाईंकडे, चिपळूणजवळ. दोन वर्षं झाली. पुस्तकं मी दोन-दोन प्रती घेते. एक माझ्याकडे, एक तिकडे. रात्री अडीच-तीनला वॉर्ड शांत असला की पँट्रीत जाऊन एक कविता मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि पाठवते. पान उलटायची वेळ आली की चमचा कपावर एकदा वाजवते. टिंग झालं की ती तिकडे पान उलटते. सासूबाई सांगतात, जेवताना ताटावर चमचा वाजला तरी ती पुस्तक शोधते.

जूनमध्ये इकडे आणणार आहे, शाळेत घालायला. मग चमचा लागणार नाही.

दोनमुलांचीआई
रात्रपाळी, तुला एक घट्ट मिठी ग.

पारसिकचावारा
ताई, खोलीची काही अडचण असली तर सांगा, करावे गावात ओळखीचे आहेत, भाडं वाजवी.

रात्रपाळी
खरंच? मेसेज करते दादा.

खाडीकाठ
आम्ही आगरी, गाव आता नवी मुंबईत आत आलंय, चारी बाजूंनी टॉवर. आजीला अक्षर येत नाही. लग्नात धवले म्हणायला तिला अजून बोलावतात. माझ्या मुलाला मी चित्रांचं कवितांचं पुस्तक आणलं, आणि मी कामावरून येईपर्यंत आजीने ते ‘वाचून’ टाकलेलं असायचं. चित्र बघायची आणि धवल्याच्या चालीवर स्वतःचं जोडायची. बगळा असला की त्याला खाडीतली निवटी खायला घालायची, पुस्तकात नुसता मासा. तिच्या बोलण्यात डोळ्याचा ‘डोला’, पाण्याचं ‘पानी’.

मी एकदा खरी कविता वाचून दाखवली तर मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुला नीट वाचता येत नाही.’

आता मी आजीचं म्हणणं लिहून घेतो, त्याच पुस्तकात, कवितेखाली जागा असते तिथे. सात पानं झाली. आजी ८४ची आहे, म्हणून घाई करतोय.

मास्तरीण
खाडीकाठ, लिहून घ्याच आणि आवाजही साठवा. तिने म्हटलं तसंच लिहा, ‘डोला’चा ‘डोळा’ करू नका.

चिंचबोरं
पुस्तकांची नावं मागितली होती ना निंबोणीने, सगळे विसरले. विंदांचीच ‘सशाचे कान’, ‘परी गं परी’, ‘अजबखाना’ बघा. भाची जरा मोठी झाली की माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’चे भाग घ्या, त्यात वेचे आणि कवितांसोबत चांगली चित्रं बघायला मिळतात. आणि फुकटातलं, ‘किशोर’ मासिक १९७१ला सुरू झालं, त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत. मी एकेका अंकातली कवितेची पानं छापून, भोकं पाडून लोकरीने बांधते. चावलं, फाटलं तरी जीव वरखाली होत नाही.

शिवाय ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच, १८९३पासूनचं. आजोबा मला शनिवारी न्यायचे, येताना तलावपाळीवर भेळ. आता कविता जास्त आठवते की भेळ, सांगता येणार नाही, दोन्ही एकत्रच येतात.

कांदेपोहे
निंबोणी, त्या गंजक्या पिना काढा आधी, गंज कागद खातो. चिमट्याने पाय सरळ करून आतल्या बाजूने हळू ओढा. मग त्याच भोकांतून सुती दोऱ्याने शिवा. सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. मी बाइंडिंगचं काम करतो, आणून दिलंत तर मी शिवून देईन, पैसे नकोत.

सरळमार्गी
काल एक वाचली. दोन मिनिटंच लागली. मग अजून चार वाचाव्या लागल्या.

निंबोणी
सगळ्यांचं वाचतेय, एकेकाला उत्तर द्यायला हात पुरत नाहीत. मास्तरीणबाई, बघितलं. पहिली रेघ बरोबर आठव्या मात्रेवर आहे.

काल भाऊ भाचीला घेऊन आला, सामान बांधायला. तिला मांडीवर घेऊन वाचायला बसले, बाबांच्या रेघांवर थांबत थांबत. मला वाटलं होतं रडू येईल, पण नाही आलं, बोटं आपोआप तिच्या गुडघ्यावर वाजायला लागली. भाची म्हणाली, ‘आत्या, पुढच्या पानावर काठ्या नाहीत.’ खरंच नव्हत्या. शेवटच्या काही कवितांना एकही रेघ नाही, पानं कोरी. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी भावाला म्हटलं, बाबांनी या वाचल्याच नाहीत का रे?

तो खोक्याला सुतळी बांधत होता. म्हणाला, ‘त्या तू वाचायचीस. तुला वाचता यायला लागलं होतं. बाबा ऐकायचे.’

कांदेपोहे, रविवारी पुस्तक घेऊन येते. आणि कुणाकडे मजबूत खोके असतील तर सांगा, अजून दोन कपाटं बाकी आहेत.

घणसोलीकर
टेम्पो आहे वडिलांचा, अजून चालू. खोके पण आहेत. शनिवारी सकाळी चालेल?